रविताला दहा लाख स्थळं

सांगून ठेवतो, एक्सेलच्या बाबतीत आख्ख्या आमगाव तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही. एक होता, पण त्याची बदली झाली! मी, ओमेश्वर बिसेन, एका शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. गेल्या वर्षी मी बाराशे मुलांची ओळखपत्रं एका बटणावर छापून काढली. एका बटणावर! हेडमास्तर तोंडात बोट घालून बघत राहिले. आता त्यातल्या चाळीस मुलांचे फोटो मुलींच्या कार्डांवर गेले ही गोष्ट वेगळी, पण बटण एकच होतं.

या बटणामागे जी विद्या असते तिला मॅक्रो म्हणतात. एक्सेलला एकदाच लिहून द्यायचं, 'पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जा आणि प्रत्येक ओळीचं अमुक अमुक कर.' मग बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. शेवटची ओळ कुठली हेसुद्धा आपण सांगायचं नाही. शीटवर कुठपर्यंत काही लिहिलेलं आहे ते एक्सेल स्वतःच बघतं आणि तिथपर्यंत जातं. एवढं सोपं! हे वाक्य लिहितानासुद्धा आता माझे कान गरम होतात.

तर त्याचं असं झालं. आमच्या समाजाचा दरवर्षी गोंदियाला लग्नाळू मुलामुलींचा परिचय मेळावा भरतो. मंगल कार्यालय गच्च, स्टेजवर फुलांच्या कमानी, बाजूला जेवणाच्या पंगती. एकेक मुलगा, एकेक मुलगी स्टेजवर चढते. माइक धरून नाव, गाव, कुळ, उंची, शिक्षण आणि अपेक्षा सांगते, आणि खालून हजार लोक तिला बाजारातल्या वांग्यासारखं निरखून बघतात. वरून निवेदक सांगतो, "जरा हसून सांगा ताई!"

माझी मेहुणी रविता या स्टेजवर चार वर्षं चढली. चारही वर्षं हसून सांगितलं. ती चिचगडला सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, वय एकतीस. एकानं सांगितलं नोकरी सोडावी लागेल, दुसऱ्यानं सांगितलं चिचगड म्हणजे जंगल. कामठ्याचे केशोराव टेंभरे तर मुलाला घेऊन घरी आले, दोनदा पोहे मागून घेतले, आणि जाताना गेटपाशी उभं राहून म्हणाले, "पोरगी चांगली आहे जी. पन वय झालं." रविता तेव्हा मागेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्या दिवसापासून तिनं मेळाव्याचं नाव टाकलं.

मला तिचं वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. सासरच्या घरात माझ्या विनोदांना हसणारी ती एकटीच आहे. म्हणून एका रविवारी सासुरवाडीत, सगळे जेवायला बसलेले असताना, मी जाहीर केलं.

"रविता, या वर्षी तुला स्टेजवर चढायचंच नाही. माझा शब्द!"

"काऊन जिजाजी? स्टेज मोडून राहिले का?"

"कम्प्युटर जुळवणार! पोरींचे फॉर्म एका शीटवर, पोरांचे दुसऱ्या शीटवर. मी बटण दाबणार, आणि प्रत्येक मुलीसमोर तिला जुळणारी स्थळं पडद्यावर येणार. मग फक्त त्या घरच्यांनी आपापसात बसून बोलायचं. स्टेज नाही, माइक नाही, हसून सांगा नाही!"

माझी बायको दुर्गेश्वरी वाढता वाढता थांबली. "तुमच्या त्या ओळखपत्रावानी नाही ना होनार?" तिला नेमक्या नको त्या गोष्टी लक्षात राहतात. पण रविता विचार करत होती. हातातला घास हातातच होता.

"स्टेजवर नक्की नाही ना?"

"नक्की नाही."

"मंग येतो. पन हे शेवटचं हं जिजाजी. याच्यानंतर कोनं मले लग्नाचं पुसाचं नाही."

सासूबाई सुशिलाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी त्याच क्षणी भाताचा तिसरा वाढा मुकाट्यानं घेतला. थोडक्यात, सगळा भार माझ्या बटणावर आला.

मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष भैयाजी. त्यांना कम्प्युटर म्हटलं की भरून येतं. ते म्हणाले, "करून टाका ओमेश्वर! मॉडर्न जमाना है!" झालं, मंजुरी मिळाली. मॅक्रो मी दोन दिवसांत लिहिला. त्यात तपासणी दोनच. पहिली, मुलगा-मुलगी एका कुरातले नकोत. आमच्यात आडनाव म्हणजेच कुर, आणि एका कुरात लग्न होत नाही. दुसरी, मुलीच्या 'अपेक्षा' या रकान्यात जे लिहिलं असेल तेच मुलाच्या 'काम' या रकान्यात असलं पाहिजे. तिनं 'नोकरी' लिहिलं तर नोकरीवाले, 'व्यवसाय' लिहिलं तर व्यवसायवाले. वय, रंग, उंची मी मुद्दाम घेतलं नाही, कारण त्यावर भांडायला लोकांना काहीतरी हवं.

रविताचा फॉर्म मी स्वतः भरला.

"अपेक्षा काय लिहू?"

"काही नोका लिहू. चार वर्षं लिहून पाह्यल्या. कोनं वाचल्या?"

मी तो रकाना कोरा सोडला. म्हटलं, अपेक्षाच नाही तर उलट जास्त स्थळं जुळतील. आणि जुळली हो! त्याबद्दल माझ्यावर कोणी आरोप करू शकत नाही.

बाकीचे एकशे शहाऐंशी मुलींचे आणि तीनशे बारा मुलांचे फॉर्म कम्प्युटरमध्ये भरायचं काम मामाजींनी अंगावर घेतलं. मामाजी म्हणजे माझे सासरे रामलाल पटले, निवृत्त पटवारी. छत्तीस वर्षं सातबारा लिहिलेला माणूस! अक्षर असं की वाचताना हात जोडावेसे वाटतात. कम्प्युटरवर मात्र ते एका बोटानं टाइप करायचे, आणि प्रत्येक अक्षरानंतर चष्मा वर करून ते उमटलं की नाही याची खात्री करायचे. मीच त्यांना दोन-चार युक्त्या शिकवल्या. कंट्रोल दाबून खालचा बाण दाबला की झपकन खाली कसं जाता येतं, हे दाखवल्यावर तर ते लहान मुलासारखे खूश झाले. पुन्हा पुन्हा दाबून बघत होते.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "पाह्यून घ्या जवाई. एकदम पक्कं काम करून देलं. पटवाऱ्याचं रजिस्टर आहे."

"मामाजी, तुम्ही केलंय म्हटल्यावर बघायचं काय त्यात!" मी म्हणालो. मी मॅक्रो तपासला होता अकरा नावांवर. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं होतं. अकराला जमतं ते तीनशेला जमणारच, असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी अकराला कार्यालय भरलं. रविता शेवटच्या रांगेत खांबाआड बसली, निळी साडी नेसून. मी स्टेजखाली टेबलावर लॅपटॉप मांडला. समोर भला मोठा पडदा. पडद्यावर मी खास सोय केली होती: डावीकडे मुलीचं नाव, उजवीकडे जाड लाल अक्षरांत 'जुळलेली स्थळे', आणि एकेक स्थळ जुळलं की आकडा सगळ्यांदेखत वाढणार. हौस माझीच!

भैयाजींनी नारळ फोडला. लॅपटॉपवर पाण्याचे थेंब उडाले, ते मी रुमालानं पुसले. मग बटण दाबलं.

पहिल्या मुलीसमोर आकडा आला, चार. टाळ्या! आणि मग तो पडदा तसाच थांबला. एक मिनिट झालं. दुसरी मुलगी, तीन. पुन्हा एक मिनिट. लॅपटॉपच्या पंख्याचा घुर्रर्र असा आवाज यायला लागला. मला कळेना, तीनशे नावं वाचायला याला एक मिनिट कशाला लागतंय? पण चेहरा हसरा ठेवला.

"कायले रुकला जी?" भैयाजींनी कानात विचारलं.

"बारकाईनं बघून राहिला," मी सांगितलं. भैयाजींनी तेच माइकवर सांगितलं. लोक कौतुकानं माना डोलवायला लागले. प्रोजेक्टरवाल्यानं टेबलाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "भैया, इसपे तो रोटी सेक लो!"

असं करत करत बावीस मुली झाल्या. कोणाला पाच, कोणाला दोन, एका बिचारीला एकच. मग तेविसावं नाव आलं: रविता रामलाल पटले.

आकडा शून्यावर होता. माझा जीव वरखाली. मी मनातल्या मनात म्हटलं, एक तरी येऊ दे रे बाबा! तेवढ्यात आकडा हलला. एक. दोन. दहा. चाळीस. मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. शंभर. पाचशे. उडी मारायची मी रद्द केली. मुलंच तीनशे बारा होती.

दोन हजार. नऊ हजार. आकडा असा पळत होता की वाचता येईना. जेवणाच्या पंगतीतले लोक हातात ताटं घेऊन आत आले. तीस हजार! भैयाजी माइक हातात धरून तोंड उघडं टाकून उभे. ऐंशी हजार! एक लाख!

पहिली ठिणगी पडली धनवंताबाईंकडून. त्यांच्या मुलीला तीन आले होते. त्या दुसऱ्या रांगेतून उठल्या आणि पदर खोचून टेबलापाशी आल्या.

"काऊन जी मास्तर? आमच्या पोरीले तीन, अन् तुमच्या साळीले एक लाख? जवाईच बटन दाबून राहिला, मंग काय होनार!"

"मी मास्तर नाही, लिपिक आहे," मी म्हणालो. हे सांगायची ती वेळ नव्हती.

"लिपिक? मंग तं पक्कंच!"

"सेटिंग है!" मागून कोणीतरी ओरडलं. "घरच्यांले वाटून राहिले सारी स्थळं!"

"अहो बाई, एका मुलीला लाख स्थळं देऊन मी काय करू?"

"तेच तं मी पुसून राहिलो! बाकीच्या पोरींनं काय कराचं?"

आकडा चार लाखांवर गेला. आयांचा घोळका वाढत चालला. एकीनं मागणी केली की प्रत्येक मुलीला निदान हजार-हजार तरी मिळाले पाहिजेत, उरलेले हिनं ठेवावेत. या मागणीला चांगला पाठिंबा मिळाला. मी बटण दाबून मॅक्रो थांबवायला गेलो, पण लॅपटॉप कोणाचं ऐकायच्या पलीकडे गेला होता. शेवटी सात लाख त्रेचाळीस हजारांवर आकडा अडकला, पंख्यानं एक लांब उसासा टाकला आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट उघडली: 'आउट ऑफ मेमरी'.

भैयाजींनी ती मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडे वळले. "म्हंजे काय?"

"म्हणजे... जेवढं जुळलं तेवढं तो लक्षात ठेवत होता. आता जागा संपली."

मी हे हळू सांगितलं होतं. भैयाजींनी ते माइकवर, दोन्ही हात वर करून सांगितलं. "भाइयो और बहनो! रविताबाईंसाठी एवढी स्थळं जुळली, एवढी जुळली, का कम्प्युटरच्या डोक्यात मावून नाही राहिली!"

आणि वारं फिरलं! इतका वेळ भांडणारे मुलींचे आई-बाप गप्प झाले आणि मुलांचे आई-बाप उठले. कम्प्युटर खोटं थोडंच बोलतो? ज्या पोरीला सात लाख जुळतात तिच्यात काहीतरी असणारच! पाच मिनिटांत खांबाआडच्या त्या शेवटच्या रांगेपाशी ही गर्दी. कोणी रविताला पेढा देतंय, कोणी फोन नंबर मागतंय. एका आजीबाईंनी तर तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "नाकीडोळी तं साधीच आहे," त्या म्हणाल्या, "पन असन काहीतरी!"

त्या गर्दीत मला केशोराव टेंभरे दिसले. कोपरानं लोकांना बाजूला सारत मुलाला पुढे ढकलत होते.

"ओळखलं का बाई? आमी कामठ्याचे. आलो होतो तुमच्याकडं. तवा बोलनं अर्धवट राहिलं."

रविता उभी राहिली. "अर्धवट नाही काका, पुरं झालं होतं. वय झालं म्हने माह्यं. आता तं त्याच्यावर सहा महिने अजून झाले."

केशोराव हसले, मुलगा हसला नाही. तो बिचारा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. मला मात्र तेव्हा मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, आकडा चुकला असेल, पण फटका बरोबर बसला!

पण चूक कुठं होती ते शोधायलाच हवं होतं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि मुलांचं शीट उघडलं. उजवीकडची सरकपट्टी बघितली. तीनशे नावांच्या शीटला ती बोटभर असायला हवी, इथं ती मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती. म्हणजे शीट कुठंतरी फार लांबपर्यंत भरलेलं होतं. मी एकदम शेवटच्या भरलेल्या ओळीवर उडी मारली. ओळ क्रमांक दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर! एक्सेलच्या शीटची अगदी शेवटची ओळ. त्याच्यापुढे एक्सेलमध्ये जगच नाही. आणि त्या ओळीत, नावाच्या रकान्यात, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ॥ शुभं भवतु ॥

मी मान वर केली. मामाजी पहिल्या रांगेत पांढऱ्या टोपीत बसले होते.

"मामाजी, हे शेवटी काय लिहिलंय?"

"दिसलं का?" ते खूश होऊन उठले. "छत्तीस वर्षांत एकाबी रजिस्टरचं शेवटचं पान कोरं नाही सोडलं मी. कोरं सोडलं का कोनीबी येऊन काहीबी लिहून जाते. म्हनून पटवारी आधी शेवटचं पान गाठते, शुभं भवतु लिहिते, अन् मंग दस्तर बांधते. याच्यात तं पानं लय होती बाप्पा! पन तुमीच शिकवलं होतं ना, कंट्रोल अन् खालचा बाण? दोन झटक्यात गेलो."

आता सांगा, कोणाला बोलणार? माझ्या मॅक्रोला मी सांगितलं होतं, भरलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत जा. तो आज्ञाधारकपणे दहा लाख ओळी चालत शुभं भवतुपर्यंत जात होता, प्रत्येक मुलीसाठी. मधल्या सगळ्या ओळी कोऱ्या. ज्या मुलींनी 'नोकरी' लिहिलं होतं त्यांना कोऱ्या ओळी जुळत नव्हत्या. पण रविताच्या अपेक्षेचा रकानाही कोरा! कोऱ्याला कोरं जुळलं. कुर आडवा येत नव्हता, कारण कोऱ्या ओळीला कुर नसतो. माझ्या मेहुणीला ज्यांनी पसंत केलं होतं, ते साडेसात लाख उमेदवार जन्मालाच आलेले नव्हते.

हे मला माइकवर सांगावं लागलं. भैयाजींनी माइक असा हातात दिला जसा काही पेटता फटाका. मी शक्य तेवढं गोलगोल सांगितलं, पण धनवंताबाईंनी ते सरळ करून दिलं.

"म्हंजे रिकाम्या रकान्यांसंगं लगन जुळलं म्हना ना! खरा पोट्टा एकबी नाही!"

हॉल हसला. काही पोरं तर बाकावर हात आपटून हसत होती. रविताभोवतीची गर्दी अशी पांगली की मध्ये एकटी निळी साडी उरली. पेढा देणाऱ्या बाईंनी पेढ्यांचा डबा बंद केला. मला इतकी लाज वाटली की त्या टेबलाखाली जावं आणि वर येऊच नये. स्टेजवर चार वर्षं जे झालं नव्हतं ते मी तिला खांबाआड बसवून करून दाखवलं होतं.

ती सरळ टेबलापाशी चालत आली. मी म्हणालो, "रविता, माझी चूक झाली गं."

"तुमची नाही. रकाना मीच कोरा ठेवला," ती म्हणाली. डोळे भरलेले होते, पण आवाज दवाखान्यातला होता. "आता भरा. लिहा, चिचगडले राहाची तयारी."

"असं लिहू?"

"तसंच लिहा. दाबा बटन."

मी शुभं भवतु काढून टाकलं. मामाजींनी तोंड फिरवलं. मॅक्रोला बजावलं, नावाच्या रकान्यात खालून वर ये, पहिलं नाव भेटलं की थांब. बटण दाबलं. यावेळी लॅपटॉप कण्हला नाही की कुथला नाही. पापणी लवायच्या आत, अगदी माझ्या विद्येला शोभेल असं, बरोबर उत्तर पडद्यावर आलं: रविता रामलाल पटले, जुळलेली स्थळे, शून्य.

आणि ते येणारच होतं! मुलांच्या फॉर्मवर तसा प्रश्नच नव्हता. तुम्ही मुलीच्या गावी राहाल का, हे आमच्या मेळाव्यात आजवर कोणी मुलाला विचारलेलंच नाही. 'काम' या रकान्यात नोकरी, व्यवसाय, शेती. जुळणार कुठून?

रवितानं ते शून्य वाचलं. मग तिनं माझ्या हातातून माइक घेतला आणि स्टेजच्या पायऱ्या चढली. मी शब्द दिला होता, चढावं लागणार नाही.

"मी रविता पटले. चिचगडले सिस्टर आहो. यावर्षी हसून नाही सांगत," ती म्हणाली. "मले तिथं आवडते. रस्त्यानं जातो तं बाया हाक मारून बोलावतेत, भाजी देतेत. मी ते गाव नाही सोडनार. चार वर्षं मी अपेक्षेत सरकारी नोकरी, निर्व्यसनी असं लिहिलं, काऊन का सारेच लिहितेत. खरी अपेक्षा एवढीच आहे. कम्प्युटर म्हनते शून्य. तुमी सांगा, हाय का कोनी?"

केशोरावांनी मुलाचा दंड धरून ठेवला होता. सुशिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

मग जेवणाच्या बाजूनं आवाज आला. "मी तं चिचगडलेच राहतो जी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात एक उंच माणूस, हातात ताट, ताटात बुंदी. "इंद्रकुमार रहांगडाले. शेत तिथंच आहे, घर तिथंच आहे. तीन वर्षांपासून येतो मेळाव्यात, मले कोनं पुसलंच नाही. सारे विचारतेत नोकरी हाय का. नाही म्हटलं का पुढं जातेत."

रविता डोळे बारीक करून त्याला बघायला लागली. "थांबा. विळा लागला म्हनून टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायले आले होते, ते तुमीच ना? अन् मी सुई काढली तं मागच्या दारानं पळाले!"

"हो," इंद्रकुमारनं कबूल केलं.

"दोनदा!"

"दुसऱ्या खेपेले दाराले कडी होती. खिडकीतून गेलो."

हॉल पुन्हा हसला, पण हे हसू वेगळं होतं. रविताही हसली, स्टेजवर, कोणी न सांगता. "आता पळान का?"

"आता ताट आहे हातात," तो म्हणाला.

पहिल्या रांगेतून मामाजींनी चष्मा वर केला. "कुर कोनता म्हनलं, बापू?"

"रहांगडाले जी."

"जमते," मामाजी म्हणाले आणि खाली बसले. वीज नाही, बटण नाही, मेमरी नाही. अर्धा सेकंद!

दोन्ही घरचे लोक त्याच दिवशी मागच्या खोलीत बसून बोलले. महिन्याभरात कुंकू लागलं, म्हणजे साखरपुडा झाला, वैशाखात लग्न आहे. टिटॅनसचं इंजेक्शन रवितानं कुंकवाच्या आधीच देऊन टाकलं, म्हणजे नंतर बोलायला नको. मंडळानं पुढच्या वर्षीपासून मुलांच्या फॉर्मवर 'मुलीच्या गावी राहण्याची तयारी आहे का' असा प्रश्न घालायचं ठरवलं आहे, आणि माझ्याकडे पाणी वाढायची जबाबदारी सोपवली आहे. सासुरवाडीत मात्र माझी इज्जत वाढली. सुशिलाबाई येईल त्याला सांगतात, "आमच्या जवायाच्या कम्प्युटरनंच जमवलं हो!" मीही 'नाही नाही' म्हणत मान खाली घालतो, पण जरा हळूच.

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो, घरात कोणाला बोलू नका. परवा मी निवांत बसून त्या दिवशीचा मॅक्रो पुन्हा तपासला. इंद्रकुमारचं नाव शीटवर पहिल्यापासून होतं, ओळ एकशे बहात्तर, काम 'शेती'. रविताचा अपेक्षेचा रकाना कोरा, म्हणून 'शेती' जुळलं नाही, नापास. 'नोकरी' नापास, 'व्यवसाय' नापास. दहा लाखांच्या वर ओळींच्या त्या शीटमध्ये माझ्या मॅक्रोनं माझ्या मेहुणीसाठी मोजून तीनशे बारा ओळी नापास केल्या होत्या, आणि त्या तेवढ्याच होत्या ज्यांच्यात खरी माणसं होती!